ढगांवरच्या उन्हाकडे

उन्हाळी सकाळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राकडून आलेल्या ढगांची चादर पसरते. बहुतेक वेळा ती फार जाड नसते आणि वर लख्ख ऊन असतं. छोट्या विमानाला ती पार करायला दोन-तीन मिनिटं पुरतात. मग तेवढ्यासाठी केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचं वेगळं प्रशिक्षण कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण १९५४च्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात असं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना ढगासारख्या स्थितीत विमान उडवायला लावलं, तेव्हा सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत! क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वळणालाही सरळ रेषा समजते. धीटपणा तिथे कामाचा नाही.

प्रशिक्षित वैमानिकाला तरी ढगात शिरायला हवाई नियंत्रकाची परवानगी का हवी? कारण त्याच ढगातून दुसरं विमान उतरत असू शकतं. दोघांनाही एकमेकांची विमानं दिसत नाहीत; त्यांना वेगळं ठेवणं नियंत्रकाच्याच हाती असतं. त्यापायी जमिनीवर ताटकळावं लागतं, ही तक्रार खरी आहे, आणि भाड्याच्या विमानात प्रत्येक मिनिट महाग पडतं. पण ही परवानगी थोड्या वेळापुरतीच असते. ढगांवर आल्यावर वैमानिक ती रद्द करतो आणि स्वतःच्या नजरेच्या भरवशावर पुढे निघतो.