स्मार्टफोनमधल्या फायली : सोय आणि ताबा

स्मार्टफोनमधला फोटो किंवा कागद तीनपैकी एका जागी असतो. एक म्हणजे फोनचा सामायिक भाग, जिथे कॅमेऱ्याचे फोटो आणि डाउनलोड साठतात. दुसरी, एखाद्या ॲपची खासगी कोठडी. तिसरी, कंपनीचा दूरचा सर्व्हर. सामायिक भागातली फाइल मालकाला केव्हाही उचलून दुसरीकडे ठेवता येते. ॲपच्या कोठडीतली फाइल ॲप देईल तेव्हाच मिळते आणि ॲप काढून टाकले की बहुतेक वेळा तीही जाते. सर्व्हरवरच्या फाइलसाठी खाते, पासवर्ड, नेटवर्क आणि कंपनीचे चालू नियम एवढे सगळे जुळून यावे लागते. गूगल फोटोजसारख्या ॲपमध्ये फोनमधले आणि सर्व्हरवरचे फोटो एकाच रांगेत दिसतात, त्यामुळे कोणता फोटो खरोखर हातात आहे हे सहज कळत नाही.

ॲपच्या कोठड्या आल्या त्या विनाकारण नव्हे. जुन्या अँड्रॉइडमध्ये ‘स्टोरेज’ची एक परवानगी दिली की ॲपला सामायिक भागातले सगळे उघडे होई: घरचे फोटो, आधार कार्डाचा फोटो, बँकेचे पासबुक. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी अशाच परवानग्यांच्या वाटेने लोकांचे फोटो आणि संपर्क उचलले व वसुलीसाठी त्यांचा छळ केला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत कर्जाच्या ॲपना फायली, फोटो, संपर्कयादी आणि कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली. त्याआधीच, २०१९च्या अँड्रॉइड १०पासून गूगलने प्रत्येक ॲपला आपापल्या कप्प्यात बसवायला सुरुवात केली होती आणि २०२०च्या अँड्रॉइड ११मध्ये ते सक्तीचे होत गेले. हा बदल योग्यच होता. मात्र त्यात मालकाचाही हात आखडला. ‘अँड्रॉइड’ फोल्डरातला ‘डेटा’ हा भाग इतर फाइल मॅनेजर ॲपना बंद झाला. चोराला लावलेले कुलूप घरधन्यालाही लागले आणि किल्ली ॲप बनवणाऱ्याकडे राहिली. आयफोन तर पहिल्यापासून असाच बंद. त्यात ‘फाइल्स’ नावाचे ॲप यायला २०१७ साल उजाडले.

व्हॉट्सॲपवरून हा फरक चांगला कळतो. अँड्रॉइड फोनवर त्याचे फोल्डर आता ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम.व्हॉट्सॲप’ असे आत गेल्यावर सापडते. तिथल्या ‘मीडिया’त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे साध्या फायलींच्या रूपात असतात. त्या कॉपी केल्या की कुठल्याही संगणकावर उघडतात. शेजारच्या ‘डेटाबेसेस’मध्ये गप्पांची रोजची प्रत असते, साधारण शेवटच्या सात दिवसांची. ही फाइल कॉपी होते, पण कुलूपबंद असते. त्याच नंबरावर व्हॉट्सॲप पुन्हा चालू केल्याशिवाय तिच्यातले एक अक्षर वाचता येत नाही. म्हणजे प्रत हातात असूनही ताबा अर्धाच. सर्व्हरवरच्या प्रतीचे नियम तर कंपनी बदलत राहते. २०१८पासून गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲप बॅकअप जागेच्या हिशेबात धरला जात नव्हता. २०२४पासून तो १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजला जाऊ लागला. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला बंद झाली होती, तसेच हे.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न थेट शेताच्या बांधावर येतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. या पद्धतीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करतो आणि ॲपमधूनच उभ्या पिकाचा फोटो काढून पाठवतो. फोटोबरोबर शेताचे अक्षांश-रेखांश जातात. सोय मोठी आहे, कारण तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही आणि सातबाऱ्यावर पेरा चढतो. पण पाठवलेली नोंद शासनाच्या सर्व्हरवर असते. पुढे पेऱ्यावरून वाद उठला तर शेतकऱ्याच्या हाताशी स्वतःचे काही असावे, म्हणून त्याच उभ्या जागी फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानेही एक फोटो काढून ठेवणे केव्हाही चांगले.

तो फोटो पुढे कसा पाठवला जातो, यावर त्याची किंमत ठरते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत पाथर्डी आणि शेवगाव तालुक्यांत शेते पाण्याखाली गेली. अशा वेळी नुकसानीचे फोटो मूळ स्वरूपात जपलेले असावे लागतात. कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमध्ये तारीख व वेळ असते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती गळते. पलीकडे पोचते ते नुसते चित्र. पिनच्या खुणेवर बोट ठेवून ‘डॉक्युमेंट’ म्हणून तोच फोटो पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एवढ्या लहानशा फरकाने पुरावा टिकतो किंवा जातो. ज्यांना तो लागतो त्यांना हे कोणी सांगत नाही, हे फार वाईट आहे.

आणखी एक गैरसमज महाग पडतो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये दोन ठिकाणे सारखी ठेवली जातात. गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला तर तो फोनमधून आणि सर्व्हरवरून, दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, नंतर परत मिळत नाही. याउलट ‘जागा मोकळी करा’ हे बटण फोनमधली प्रत काढून फक्त सर्व्हरवरची ठेवते. फोन भरला की घरोघरी हेच बटण दाबले जाते आणि त्या क्षणापासून घरचे सगळे फोटो एका पासवर्डावर अवलंबून राहतात. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकले जाऊ शकते.

त्यातच बॅकअप मुळातच फक्त वाय-फायवर चालेल अशी मांडणी असते. खेड्यातल्या बहुतेक घरांत वाय-फाय नसते, मोबाइल डेटा असतो. अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात तर नेटवर्कचाच भरवसा नाही. बॅकअप चालू आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात तो कधी झालेलाच नसतो. सेटिंगमध्ये शेवटच्या बॅकअपची तारीख लिहिलेली असते. ती पाहिल्याशिवाय फोन दुरुस्तीला देऊ नये.

अशा ठिकाणी ओटीजी पेन ड्राइव्ह उपयोगी. तो फोनला लावायचा, फाइल मॅनेजरमधून ‘डीसीआयएम’ हे कॅमेऱ्याचे फोल्डर आणि व्हॉट्सॲपचा ‘मीडिया’ कॉपी करायचा, मग दुसऱ्या फोनवर लावून चार फोटो उघडून पाहायचे. ही प्रत उघडायला कोणाचे खाते लागत नाही. तिची कमजोरीही तीच, की ड्राइव्ह हरवला तर सापडेल तो सगळे पाहू शकतो. म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात आणि एक सर्व्हरवर, असे दोन्ही ठेवणे शहाणपणाचे. सोय दुसऱ्या प्रतीसाठी घ्यावी, एकुलत्या एका प्रतीसाठी नव्हे.

सर्व्हरवरची प्रत पूर्ण आपल्या कुलपात ठेवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२१मध्ये दिली. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली घातली की बॅकअप कंपनीलाही वाचता येत नाही. मात्र किल्ली हरवली तर कंपनीही काही करू शकत नाही. हा पर्याय निवडणाऱ्याने किल्ली कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी.

कायद्याने ताब्याचा प्रश्न अर्धवटच सोडवला आहे. २०१९च्या वैयक्तिक माहितीच्या विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून वापरण्याजोग्या स्वरूपात घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. युरोपात तो २०१८पासून आहे. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. त्याच कायद्यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी एक व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र हे काम कंपन्यांच्या सेटिंगमधूनच करावे लागते. गूगलचा ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ २०१३पासून आहे, तर ॲपलने २०२१मध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आणला. दोन्हींत खातेदाराने स्वतः, हयातीत, नाव भरून ठेवावे लागते. ते भरले नसेल तर वारसांना कंपनीकडे कागदपत्रांसह अर्ज करावा लागतो आणि आतल्या फायली मिळतीलच याची हमी नसते.