कोपऱ्यातला खर्ज

पुण्यातल्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली डग्ग्याला मानवत नाही. तबल्याची चाट, लव, शाई सगळं नीट ऐकू येतं. डग्ग्यावर हात पडला की मात्र गोंधळ सुरू होतो. ‘धा’मधला ‘गे’ अंगावर येतो, पुढची मात्रा आली तरी विरत नाही, आणि खुर्ची दोन फूट मागे सरकवली की तोच ‘गे’ जवळजवळ नाहीसा होतो. अशाच एका खोलीत मी गेली अनेक वर्षं तबला, पखवाज आणि गाणं ध्वनिमुद्रित करतो आहे. या कामात घातलेल्या पैशांपैकी सर्वांत सत्कारणी लागला तो कोपऱ्यांत उभ्या केलेल्या लाकडी चौकटींवरचा, म्हणजे खर्ज शोषून घेणाऱ्या, घरी केलेल्या बेस ट्रॅपवरचा.

दोष वादकाचा नसतो, डग्ग्याचाही नसतो. माझी खोली दहा फूट रुंद आहे आणि उंचीही दहाच फूट. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जाऊन-येऊन वीस फूट होतात, म्हणून ५६ हर्ट्झची लाट तिथे नेमकी मापात बसते. तिच्या दुपटीची, ११३ हर्ट्झचीही बसते. बारा फुटांच्या लांबीला हेच आकडे ४७ आणि ९४ येतात. झोक्याला बरोबर वेळेवर हलकासा धक्का देत राहिलं की तो चढत जातो, तसा या ठरावीक सुरांना खोलीचा हातभार लागतो. त्यात रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५६ आणि ११३ वर दोन्हींचा जोर एकत्र येतो. आपल्याकडच्या कितीतरी खोल्या अशाच चौकोनी ठोकळ्यासारख्या असतात.

याचा सर्वांत वाईट परिणाम मींडेवर होतो. मनगटाचा दाब वाढवत डग्ग्याचा सूर वर नेला की कानाला एक सलग चढण ऐकू यायला हवी. माझ्या खोलीत ती ९४च्या आसपास फुगते, मग बसते, ११३ला पुन्हा फुगते. एका तरुण तबलावादकाने रेकॉर्डिंग ऐकून हेडफोन काढला आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, “दादा, हा माझा हात नाही.” बरोबर बोलला तो. ज्या घिश्श्यासाठी त्याने गुरूंसमोर बसून वर्षं घातली, त्यात माझ्या भिंतींनी ढवळाढवळ केली होती. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचंही तेच. काळी एकला लावलेली खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. खोली तिचा मूळ सूर दाबते किंवा वाढवते, आणि जवारीचा सगळा तोल बिघडतो.

बेस ट्रॅपचे परदेशी पुस्तकांतले आराखडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती बहुतेक लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या पाट्या ठोकलेल्या असतात. त्या थोड्या हलतात, काही खर्ज खातात, काही पलीकडे जाऊ देतात. आपली वीट, वर सिमेंटचा गिलावा, डोक्यावर आरसीसीचा स्लॅब आणि पायाखाली व्हिट्रिफाइड टाइल. यातलं काहीच हलत नाही, त्यामुळे आत शिरलेला खर्ज आतच फिरत राहतो. तिकडे दोन पॅनेलमध्ये भागत असेल, तर इकडे चार लागतात. जुन्या वाड्यांच्या माडीवर लाकडी तुळया, फळ्यांची जमीन आणि वर गाद्या-लोड असायचे. तिथल्या बैठकीत डग्गा गोड लागायचा, यात त्या हलणाऱ्या लाकडाचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

खोली सुधारायला लोक भिंतीवर लावतात ते अंड्यांचे ट्रे आणि एक इंची पिरॅमिड फोम यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. फोम टाळीचा खणखणाट कमी करतो म्हणून माणूस फसतो. हजार हर्ट्झच्या खाली तो झपाट्याने निकामी होत जातो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सव्वाअकरा फूट असते. भिंतीला लागून हवेची हालचाल शून्य असते, ती सर्वांत जास्त असते लाटेच्या पाव लांबीवर, म्हणजे भिंतीपासून जवळजवळ तीन फुटांवर. सच्छिद्र वस्तू हालत्या हवेलाच अडवू शकते. मग भिंतीला चिकटवलेला इंचभर फोम तिथे काय अडवणार? वर तो पेटतो लगेच, आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. भिंतभर फोम लावलेल्या बंद खोलीत मी कुणालाही गायला बसवणार नाही.

म्हणून कोपरा. खोलीतल्या प्रत्येक घुमाऱ्याचा दाब कोपऱ्यांत गोळा होतो, आणि शोषणारी जाड पाटी तिथे तिरकी लावली की मागे आपसूक पोकळी मिळते. ती पोकळी फुकट मिळालेली जाडी आहे.

सुरुवात मात्र ऐकण्यापासून करावी. मोबाइलवरच्या टोन जनरेटरमधून स्पीकरवर ४० ते १५० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश चढवत न्यावा आणि खोलीभर फिरावं. जिथे सूर फुगतो तिथे खडूने फुली, जिथे बुडतो तिथे गोल. काही वेळाने फरशीवर खोलीचा नकाशाच उमटतो. मोजायचा माइक असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर कुठला सूर किती वेळ रेंगाळतो तेही दाखवतं. टाळी वाजवून खर्जाचं काही कळत नाही.

चौकटीत भरायची लोकर म्हणजे रॉकवूल, घनमीटरला ४८ किलो घनतेची, दोन इंच जाडीची. एसीच्या डक्टचं आणि इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. चौकटीचं माप लोकरीच्या पाटीवरून ठरवावं, म्हणजे काप आणि नासाडी दोन्ही वाचतात. माझ्या पाट्या मीटर बाय अर्धा मीटरच्या होत्या. एकावर एक दोन, म्हणजे दोन मीटर उंच, आणि दुहेरी थर, म्हणजे चार इंच जाड. अर्ध्या मीटर रुंदीची चौकट कोपऱ्यात तिरकी उभी केली की मागे मध्यावर दहा इंच पोकळी राहते. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलं, पॅकिंगच्या पेट्यांचं साधं पाइन. सागवानाची इथे काही गरज नाही.

सुतारकाकांनी चौकट जुळवली, गुण्यात धरून चारही कोपरे तपासले आणि विचारलं, “साहेब, मागून दोन सुताचा प्लाय मारू ना? उघडं बरं नाही दिसत.” त्यांच्या हातून अर्धवट वाटणारं काम जाणं त्यांना पटत नव्हतं. मी म्हटलं, “काका, मागूनही हवा खेळली पाहिजे, नाहीतर मागची पोकळी फुकट जाईल.” मग त्यांनी स्वतःच मागच्या बाजूला दोन आडव्या बारीक पट्ट्या मारल्या, लोकर मागे घसरू नये म्हणून. माझ्या आराखड्यात त्या नव्हत्या. आता प्रत्येक चौकटीत असतात.

पाव कापायच्या करवती सुरीने रॉकवूल सरळ कापलं जातं. कापड लावताना मात्र घाई करू नये. मी मांजरपाट वापरतो. निवडायची परीक्षा सोपी आहे, कापड तोंडाशी धरून फुंकायचं. श्वास सहज पार गेला तर घ्यायचं, गाल फुगले तर परत ठेवायचं. बारदान स्वस्त पडतं पण पावसाळ्यात कुबट वास धरतं. कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारावी, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे जावं, म्हणजे चुण्या पडत नाहीत.

कापडाच्या आत, खोलीकडच्या बाजूला, मी खाकी कागदाचा एक थर घालतो. वरचे सूर त्यावरून परततात, खालचे आत शिरतात. हे केलं नाही तर खर्ज आवरताना खोली वरून मेल्यासारखी होते. तंबोऱ्याची जवारी आणि चाटेची धार अशा खोलीत टिकत नाही, आणि आपल्या संगीतासाठी ती किंमत फार मोठी आहे. चौकट भिंतीला घट्ट टेकवू नये, बोटभर फट ठेवावी. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि लाकडाला बुरशी धरते.

कान देऊन मोजायची ही रीत जुनीच आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहाचा घुमारा मोजायचं काम केलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजायचा. बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० मध्ये उभा राहिला, तो याच अभ्यासावर. त्यांची नळी ५१२ हर्ट्झची होती आणि त्यातून निघालेलं घुमाऱ्याचं सूत्र मोठ्या दालनांसाठी. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत खर्जाला ते लागू पडत नाही, पण गाद्या उचलून आणायच्या आणि कान देऊन फरक टिपायचा ही पद्धत इथेही तीच.

चार कोपरे भरल्यावर काय झालं? ११३चा फुगारा पुष्कळच उतरला, ९४चाही. मींड एका दमात चढू लागली. ‘गे’ पुढच्या मात्रेच्या आत विरतो. ५६वर फरक पडला, पण थोडाच. तिथे अशा चौकटींची ताकद कमी पडते, त्याला बंद पेटीवर बसवलेल्या पातळ प्लायचा ट्रॅप लागतो आणि तो नेमक्या सुराला जुळवायला बरीच खटपट पडते. शेजाऱ्यांना आवाज पूर्वीइतकाच जातो. बेस ट्रॅप खोलीच्या आतला आवाज सुधारतो, बाहेर जाणारा अडवत नाही. या चौकटींबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

एका चौकटीला लोकर, लाकूड, कापड आणि मजुरी धरून हजार-दीड हजार रुपये पडले. चारही कोपऱ्यांचा खर्च एका बऱ्या कंडेन्सर माइकपेक्षा कमीच झाला. नवा माइक घ्यायचं मनात असेल तर तो वर्षभर पुढे ढकला आणि आधी निदान दोन कोपरे भरा, उरलेले दोन पुढच्या पगारावर. लोकर कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि मास्क हवाच, तिची कुसं अंगाला फार खाजतात. आणि काम लहान मुलं घरात नसताना करा.