भीड भिकेची बहीण

परवा दुपारी भाचीचा फोन आला. "आत्या, एकाने गुंतवणुकीची योजना आणली आहे. पाच वर्षांत पैसे दुप्पट. घेऊ का?"

मी विचारलं, "योजना कळली म्हणून घेतेस, की नाही म्हणायला जड जातंय म्हणून?"

जरा वेळ शांतता. मग हसून म्हणाली, "अगं, आईच्या मैत्रिणीचा मुलगा आहे ना तो..."

मला एकदम २००८ सालचा जानेवारी आठवला. मी नुकतीच निवृत्त झाले होते. फंडाचे पैसे खात्यात जमा झाले होते. एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. वाकून नमस्कार केला. "बाई, तुमच्यामुळे मराठीत पास झालो," म्हणाला. मी विरघळलेच! चहा होईपर्यंत त्याने पिशवीतून युलिपचे कागद काढले. त्या महिन्यात सेन्सेक्स २१,००० वर गेला होता, सगळीकडे तीच चर्चा. जन्मभर मुलांना बजावलं, की पेपर देण्याआधी पुन्हा एकदा वाचून काढा. आणि त्या दिवशी मी मात्र त्याने पेन्सिलीने जिथे जिथे फुल्या मारल्या होत्या, तिथे तिथे मुकाट सह्या केल्या. एक लाखाचा चेक दिला.

ऑक्टोबरात सेन्सेक्स ८,००० च्याही खाली घसरला. पुढच्या जानेवारीत दुसऱ्या हप्त्याची नोटीस आली. मी तर समजत होते पैसे एकदाच भरायचे! विद्यार्थ्याने तोवर नोकरी बदलली होती. मी घाबरून हप्ता भरलाच नाही. तीन वर्षांची मुदत संपल्यावर लाखाचे ३८ हजार हातात आले.

त्याने फसवलं म्हणावं, तर दरवर्षी हप्ता आणि पहिल्या वर्षी कापला जाणारा भला मोठा खर्च, दोन्ही माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी ते उघडलंही नव्हतं. त्याच्यासमोर वाचत बसले तर त्याला काय वाटेल, ही भीड!

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना तीन वर्षं सांगितली नाही. शेवटी एका रात्री जेवताना सांगून टाकली. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझेही दीड लाख एका पतसंस्थेत अडकलेत. सेक्रेटरी रोज फिरायला बरोबर असायचा, नाही कसं म्हणणार?" एका घरात राहून दोघं एकमेकांपासून तोटा लपवत होतो. पैसे गेले त्यापेक्षा मला याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या रात्री आम्ही शंभर पानी वही काढली. कुठे किती पैसे, मुदत कधी संपते, नॉमिनी कोण, सगळं लिहिलं. पुढे हे गेले, तेव्हा त्या वहीमुळे मला कुणाच्या दारात जावं लागलं नाही.

भाचीला मी तेच सांगितलं जे आम्ही ठेच लागून शिकलो. कुणी 'दुप्पट' म्हणालं, की ७२ ला वर्षांनी भागायचं. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण साडेचौदा टक्के. हा आकडा बँकेच्या व्याजदराशेजारी लिहून बघायचा. जितका फरक तितका धोका, मग बोलणारा कितीही गोड असो. विमा विम्यासाठी घ्यावा, गुंतवणूक वेगळी करावी. पॉलिसी घेतलीच, तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत थोडा खर्च सोसून परत करता येते. माझ्या वेळी १५ दिवस होते, मला तेही ठाऊक नव्हतं. बँकेतल्या ठेवीला व्याज धरून माणशी, प्रत्येक बँकेत, ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. म्हणून अर्धा टक्का जास्त मिळतो एवढ्यावर सगळी पुंजी एका ठिकाणी ठेवू नये. आणि दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे बाजारात घालू नयेत. बाजार पडला की आपण घाबरून नेमके तेव्हाच काढून घेतो.

"पण त्याला सांगू काय?" भाचीचं आपलं तेच.

"म्हणावं, कागद ठेवून जा, दोन दिवसांनी कळवते. खरा असेल तर थांबेल."

काल तिचा पुन्हा फोन आला. कागद ठेवायला तो तयार नव्हता म्हणे. 'आजच शेवटचा दिवस' होता!

असो. त्या विद्यार्थ्यावर आता राग नाही. कधी आला तर चहा नक्की देईन. सही मात्र चष्मा लावून, सगळं वाचून, आणि तीही दोन दिवसांनी!