गाव पाहावे…

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून. म्हणीत ‘बांधावे’ नाही, ‘पाहावे बांधून’ आहे. ‘बांधावे’ म्हटलं असतं तर तो सल्ला झाला असता. इथे अनुभवाची हाक आहे, की हात घातल्याशिवाय कळायचं नाही. पण ज्याला घर नव्हे, शहर रचायचं आहे त्यानं काय करून पाहावं? ‘गाव पाहावे वसवून’ असं कुणी म्हणत नाही. गाव एका आयुष्यात पाहून होत नाही, म्हणून असेल कदाचित.

मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (1930–2015) तरीही गाव वसवून पाहत होते. 1958 पासून मुंबईत स्वतःची कचेरी, एमआयटी आणि हार्वर्डमध्ये अध्यापन, 1984 साली मुंबईत अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटची स्थापना. नवी मुंबईच्या कल्पनेत शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांचा वाटा होता.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तर त्यांनी ही म्हणच रहिवाशांच्या हाती दिली. एका चौकाभोवती सात घरं, दोन घरांत सामाईक भिंत नाही; ज्याला जसं जमेल तसं त्यानं वाढवावं. लोकांनी वाढवलं. पुष्कळांनी तर मूळ घर पाडून वर मजले चढवले. कौलं गेली, चौक राहिले. मग रचना टिकली म्हणायची की मोडली?

चौक म्हटला की गोव्यात पेडण्यातल्या जुन्या वाड्याचं राजांगण डोळ्यांपुढे येतं. मधोमध तुळस, चारी बाजूंनी पडवी, वर उघडं आभाळ. आषाढात नळ्यांवरून पागोळ्या थेट घराच्या मध्यावर पडतात आणि घरातली माणसं पडवीत बसून तो पाऊस बघतात. त्याचा नकाशा बहुधा कागदावर कधी आलाच नसेल. गवंड्याच्या हातात आणि घरच्या बाईच्या सोयीत तो होता. कोरियांनी आयुष्यभर उघड्या आभाळाखालच्या जागेबद्दल लिहिलं, त्यात असली घरं किती असतील!

पुढे गोव्यानंच त्यांना बोलावलं. लोकांच्या आंदोलनानं 2007 मध्ये आधीचा प्रादेशिक आराखडा रद्द झाला. नव्या आराखड्याच्या कृतिदलाचे ते उपाध्यक्ष झाले. मसुद्याचे नकाशे गावोगावी सूचनांसाठी गेले. खाजन जमिनी, डोंगरउतार यांना नकाशावर जपण्याचा रंग मिळाला. 2011 मध्ये आराखडा अधिसूचित झाला, 2012 मध्ये बाजूला ठेवला गेला.

रंग तरी किती खोल जातो? डिचोलीच्या शिरगावात खाणींनी जमीन पोखरली आणि विहिरी आटल्या. पेडण्यातल्याच मोपाच्या सड्यावरून 2023 पासून विमानं उडतात. त्याच वर्षी पेडणे तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा आला तेव्हा गावकरी विरोधाला उभे राहिले. नकाशा वाचायला ते आधीच्या मसुद्यावर शिकले, की जमीन जाण्याच्या भीतीनं शिकले?

राजांगणातलं पाणी मोरीतून बाहेर पडतं, शेजाऱ्याच्या कुळागराकडे जातं, तिथून ओहोळाला मिळतं. त्यातलं घर कुठवर, आणि गाव कुठून?