वरच्या गटात खेळवावं, पण कशासाठी?

नाशिकमध्ये शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की मैदानाच्या कडेला उभ्या पालकांत एक वाद मला हमखास ऐकू येतो. चौदा वर्षांखालच्या गटातलं चमकदार पोरगं सतरा वर्षांखालच्या संघात खेळवावं का? एक म्हणतो, मोठ्यांत खेळल्याशिवाय पोरगं तयार होत नाही. दुसरा म्हणतो, हातपाय मोडून बसेल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण त्याला वर नेतंय कोण आणि कशासाठी, हे कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथंच ठरतं. शिकण्यासाठी नेलं तर वरचा गट पोराला घडवतो. शाळेला करंडक हवा म्हणून नेलं, तर तोच गट त्याचा खेळ आक्रसून टाकतो.

करंडकासाठी वर घेतलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा खेळ नीट पाहावा. त्याला बहुतेक वेळा विंगला उभं करतात, कारण मध्ये धक्काबुक्की जास्त. चेंडू आला की सोळा-सतरा वर्षांचा बचावपटू खांदा लावतो आणि मुरमाच्या मैदानावर पोरगं घसरत जातं. दोन-तीनदा असं झालं की ते शहाणं होतं. चेंडू पायाला लागताच देऊन मोकळं होतं. बाहेरून ‘शाब्बास, लवकर सोडला!’ अशी आरोळी येते. पण स्वतःच्या गटात हाच मुलगा दोघांना चकवून आत घुसत होता, आणि वर गेल्यावर पहिल्यांदा त्यानं तेच सोडलं. एका चुकीनं सामना जाणार असेल, तर कोणतंही पोर धाडस करणार नाही.

हे ओझं काढून घेतलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातल्याच मुलाचं आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ती स्पर्धा संपताच भारतीय फुटबॉल महासंघानं त्या पोरांचा ‘इंडियन ॲरोज’ हा संघ थेट आय-लीगमध्ये, मोठ्या व्यावसायिक क्लबांसमोर उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे मात्र हा संघ दहा संघांत तळाला राहिला. पण तळाला राहिला तरी खालच्या श्रेणीत ढकललं जायचं नाही, अशी सवलत त्याला आधीच दिलेली होती. शिवाय मुलं एकेकटी परक्या संघात गेली नव्हती, बरोबरीची सगळी फळी एकत्र वर गेली होती. शाळेच्या संघात एकट्याच घुसवलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही.

यावर नाशिककर आपल्या बुद्धिबळपटू विदित गुजराथीचं नाव पुढे करतात. २००८ मध्ये चौदा वर्षांखालच्या गटात जगज्जेता, २०१३ मध्ये अठराव्या वर्षी ग्रँडमास्टर. तो मोठ्यांशी खेळूनच मोठा झाला ना? झाला. पण पटावर समोरच्याचं वजन अंगावर येत नाही. फुटबॉलमध्ये येतं, आणि तेही मुलाची उंची झपाट्यानं वाढत असताना, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत तेरा-चौदाच्या आसपास, जेव्हा अनेकांचं गुडघ्याखालचं हाड किंवा टाच आधीच दुखत असते. त्यात आपल्याकडे कागदावरच्या वयाचा भरवसा किती? शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून दिलेल्या पिढ्या महाराष्ट्रानं पाहिल्या आहेत. जन्मतारीख खरी असली तरी एकाच वर्षी जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेल्यांत जवळजवळ वर्षाचं अंतर पडतं. म्हणून दाखल्यापेक्षा अंगकाठी बघावी. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार एकत्र खेळवून पाहिलं आहे. त्याला मोठी यंत्रणा लागते असंही नाही. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण केली, तरी मूल सध्या वेगानं वाढतंय का ते कळतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. स्वतःच्या गटात सगळं सोपं असलेलं मूल कंटाळतं, आळसावतं. हे खरं आहे, म्हणूनच त्याला खालीच कोंडून ठेवा असं मी म्हणत नाही. लामिन यमाल पंधराव्या वर्षी बार्सिलोनाच्या मुख्य संघातून खेळला, हे डोळ्यांसमोर आहेच. पण २००४ मध्ये चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये उतरलेला फ्रेडी अडूही आठवावा. त्याच्याकडून जी अपेक्षा धरली होती, तिथवर तो कधीच पोचला नाही. अशा एकेका नावावरून आपल्या पोराचं ठरवू नये.

आपल्याकडे एकाच सरांकडे सगळे गट असतात, ही अडचण म्हणून सांगितली जाते. मला ती सोय वाटते, कारण मुलाला वर-खाली नेणं एकाच माणसाच्या हातात राहतं. आठवड्यातले दोन दिवस चमकदार मुलाला मोठ्यांच्या सरावात घ्या, मैत्रीपूर्ण सामन्यात अर्धा तास मधल्या फळीत खेळवा, आणि स्पर्धेला मात्र त्याच्याच गटात कप्तान करा. वर त्याला लवकर विचार करायची सवय लागेल, खाली चेंडू पायाशी ठेवून सामना आपल्या हाती घ्यायची. तो वर चेंडू मागतो की टाळतो, हे सरांनी बघावं. टाळू लागला तर काही महिने खाली आणावा, आणि ती शिक्षा नाही हे त्याला आधीच सांगून ठेवावं.