दुखणं : नाही

मागच्या महिन्यात माझ्यासमोर शाळेचं एक कोरं लेटरहेड होतं. आमच्याकडची एक मुलगी दहावीनंतर पुण्यातल्या एका कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश घेणार होती आणि क्रीडाशिक्षिका या नात्यानं मला तिचं शिफारसपत्र लिहायचं होतं. अशी पत्रं कशी लिहितात हे मला पाठ आहे. ‘सदर विद्यार्थिनी मेहनती, शिस्तप्रिय व जिद्दी असून...’ नाव बदललं की काम झालं. दहा वर्षांपूर्वी माझ्या नावाचंही असंच एक पत्र लिहिलं गेलं होतं. ते अजून माझ्या फाइलमध्ये आहे. त्यातला ‘मेहनती’ हा शब्द खरा होता. पण त्याच मेहनतीपायी माझं एक अख्खं वर्ष वाया गेलं होतं, ते काही त्या पत्रात नव्हतं.

म्हणून पेन हातात घेऊन मी बराच वेळ ‘मेहनती’पाशीच अडकून बसले.

मी मूळची शिरूर तालुक्यातली. न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारा रस्ता भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरतो. त्या पुलाच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती. आजोळ दौंडचं. त्यामुळे माझं लहानपण या दोन तालुक्यांत वाटलं गेलंय. शाळा-कॉलेज शिरूरकडे, सुट्ट्या दौंडच्या रेल्वे लाइनीच्या कडेला.

आमच्या घरात मेहनती माणसाची व्याख्या एकदम सोपी होती. जो बसत नाही, तो मेहनती. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. रात्रीच्या आठवड्यात वडील बाराच्या सुमाराला मोटार चालू करायचे आणि मी बॅटरी घेऊन त्यांच्याबरोबर दारं धरायला जायचे. भाऊ लहान होता, आईची कंबर धरलेली. सरी भरली की दारं मोडायचं, पुढच्या सरीला पाणी लावायचं. तीनला घरी. दोन तास झोप. पाचला बूट घालून रस्त्यावर. सातला परत, डबा, एसटी, कॉलेज. संध्याकाळी कॉलेजच्या ग्राउंडवर पुन्हा सराव.

हे सांगताना मला आजही थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करते. तेव्हा तर फारच वाटायचा. येणारे-जाणारे वडिलांना म्हणायचे, “तुमची पोरगी म्हणजे मशीन आहे मशीन.” आणि ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी एक किलोमीटर जास्त पळायचे.

आमच्याकडे मुलीनं का पळायचं हे घरच्यांना पटवायला एकच शब्द पुरतो : भरती. आज पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. 50 गुणांपैकी 20 गुण एकट्या 800 मीटरचे. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबरचे. तिथल्या पोरांना खाकी लहानपणापासून समोर दिसते. त्यामुळे ‘खेळून काय मिळणार?’ या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर तयार असतं. पण मला नुसती भरती नको होती. मला विद्यापीठाच्या संघातून क्रॉसकंट्री पळायची होती. छातीवर विद्यापीठाचं नाव असलेला टी-शर्ट हवा होता. तेवढंच स्वप्न होतं, पण ते होतं.

कॉलेजच्या सरांनी आम्हाला प्रत्येकी एक वही ठेवायला लावली होती. दोनशे पानी, रेघी. त्यात रोज पाच गोष्टी लिहायच्या : तारीख, अंतर, वेळ, झोप, दुखणं. आठवड्यातून एकदा सर वह्या बघायचे. माझी वही वर्गात दाखवण्यासारखी होती. एक दिवस चुकलेला नाही. अंतर शंभर मीटरपर्यंत अचूक. वेळ सेकंदात. झोपेच्या रकान्यात मी थोडं वाढवून लिहायचे, पाचच्या जागी सात. आणि शेवटच्या रकान्यात रोज एकच शब्द : नाही.

दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर डाव्या नडगीत दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर दुखायचं. मग पळताना. मग जिना उतरताना. बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा होती, रुपयाच्या नाण्याएवढी. मी रात्री मोहरीचं तेल लावायचे आणि वहीत लिहायचे, नाही. एकदा सरांनी विचारलं, “काय गं, पाय ओढतीयेस?” मी म्हटलं, “नाही सर, बूट घासलाय.” त्यांनी बुटाकडे पाहिलं. बूट खरंच घासलेला होता.

आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीतून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार होता. मी त्या दिवशी पळाले. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एका उतारावर पाय टेकला आणि कुणीतरी हाडावर फावड्याचा दांडा मारावा तसं झालं. पुढचं अंतर मी लंगडत पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘जिद्द बघा पोरीची’, असं कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. आज त्या टाळ्या आठवल्या की सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

शिरूरला एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. हे असं होतं; हाडाला गेलेली बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. पण मला तेव्हा एवढंच कळलं की काही झालेलं नाही. मी आणखी आठवडाभर पळाले. मग पाय टेकवेनासा झाला, तेव्हा पुण्याला जाऊन एमआरआय केला. नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर.

तिथल्या डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून वेगळाच प्रश्न विचारला. “पाळी नियमित येते?”

मी खाली बघत म्हटलं, “सात महिने नाही आली.”

खरं सांगायचं तर पाळी थांबली तेव्हा मला सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. ग्राउंडवर बाथरूमची सोय नाही, एसटीत तासभर उभं राहायचं, त्यात एक कटकट कमी. डॉक्टरांनी समजावलं ते असं : शरीर जेवढं खर्च करतं तेवढं त्याला अन्नातून मिळालं नाही, तर ते काटकसर सुरू करतं. आधी पाळी बंद करतं. पाळीबरोबर जे हार्मोन कमी होतं, तेच हाडं मजबूत ठेवायला मदत करत असतं. म्हणजे पाळी थांबणं ही सूचना होती आणि मी तिला बक्षीस समजले होते. या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये ‘रेड-एस’ असं नाव दिलं आहे. ती मुलांमध्येही होते, फक्त त्यांच्याकडे पाळीसारखी उघड खूण नसते. माझं हिमोग्लोबिनही कमी होतं. त्यात माझं वेगळेपण काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्यातल्याच काही जणी पहाटे पळत असतात.

मी कमी खात होते, असं मला कधी वाटलंच नव्हतं. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यात दोन चपात्या आणि भाजी, रात्री भाकरी-कालवण. घरातल्या सगळ्यांइतकं. पण घरातले सगळे दिवसाला पंधरा किलोमीटर पळत नव्हते.

सरांना सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी वही मागितली. पानं उलटली. म्हणाले, “यातली अंतरं खरी आहेत. टायमिंग खरं आहे. मग हे एवढंच खोटं का लिहिलंस?”

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर साधं होतं. अंतर लिहिलं की शाबासकी मिळायची. दुखणं लिहिलं असतं तर संघातून नाव गेलं असतं, आणि मी ‘मशीन’ राहिले नसते.

पुढचे दोन महिने मी दौंडला मामाकडे काढले. घरी राहिले असते तर बसले नसते, हे आईला माहीत होतं. मामा रेल्वेत की-मन. दौंडहून मनमाडकडे जी लाइन भीमेच्या पुलावरून जाते, तिच्यावर त्याचं काम. खांद्यावर हातोडा आणि पाना, जवळ लाल-हिरवी झेंडी, आणि रोज ठरलेल्या अंतरात रूळ बघत चालत जायचं, बघत परत यायचं. सैल झालेली चावी ठोकायची, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं. मी लंगडत दारात बसलेली असायचे आणि तो आल्यावर त्याच्याशी गप्पा मारायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, “मामा, मला बसून बसून वेड लागेल.” तो म्हणाला, “जुन्या जोडाच्या रुळात दोन तुकड्यांमध्ये फट का ठेवतात, माहितीये का तुला? उन्हात रूळ वाढतो. त्याला वाढायला जागा नाही ठेवली, तर तो बाहेर वाकतो. मग गाडी खाली.” आणि मग बूट काढता काढता म्हणाला, “आणि मला काय विचारशील तर, लाइनीवर काही दिसलं आणि मी ‘सगळं ठीक’ म्हणून सही केली, तर मी दिवसाला किती चाललो याला काय अर्थ आहे?”

मामाला माझ्या वहीबद्दल काही माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलंही नाही.

विद्यापीठाच्या संघात मी कधीच गेले नाही. हाड भरलं, पाळी सुरू झाली, पुढच्या वर्षी मी पुन्हा पळाले. पण निवडीच्या रेषेच्या आत येता आलं नाही. नंतर बी.पी.एड. केलं. आता दौंड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते, कंत्राटी.

आमच्या मुलांना अविनाश साबळेची गोष्ट तोंडपाठ असते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळा सहा किलोमीटर लांब, पोरगा रोज चालत-पळत जायचा. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण फक्त 0.05 सेकंदांनी हुकलं. गोष्ट खरी आहे. पण आपण ती सांगताना सहा किलोमीटर सांगतो आणि मधलं गाळतो. तो बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहिला आणि खऱ्या अर्थानं धावपटू झाला तो त्यानंतर, 2015 पासून. मागे प्रशिक्षक होते, आहार होता, विश्रांती होती. 2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या उडीवर त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. त्याला कुणी आळशी म्हटलं नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते.

तर, ही मुलगी.

ती 3000 मीटर पळते. तिच्या घरीही ऊस आहे. तिचे आई-वडील हल्ली तिला पहाटे बाहेर सोडत नाहीत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्यानं तीन जणांचा जीव घेतला, त्यात दोन लहान मुलं होती. त्यानंतर उसाच्या कडेनं अंधारात पळ, असं मी कुणाच्या लेकराला कोणत्या तोंडानं सांगू? आम्ही सराव शाळेच्या ग्राउंडवर, दिवस मावळायच्या आत करतो. सरांसारख्याच मी वह्या ठेवायला लावल्यात. फक्त रकाने सात केलेत. काय खाल्लं, हा एक. मुलींसाठी पाळीची तारीख, हा दुसरा. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. आता लिहितात.

विभागीय स्पर्धेला नऊ दिवस असताना तिनं शेवटच्या रकान्यात लिहिलं : ‘डावी नडगी. एकाच जागी. दाबलं की जास्त.’

मी ते वाचलं आणि माझ्या स्वतःच्या नडगीत कळ आल्यासारखं झालं. डॉक्टरांकडे नेलं. हाडावर ताण आलाय, तीन आठवडे पळणं बंद, असं ते म्हणाले. मी तिचं नाव मागे घेतलं. तिचे वडील शाळेत आले. माणूस भला आहे, आवाज चढवला नाही, पण म्हणाले, “मॅडम, दहावीचं वर्ष आहे. क्रीडागुण गेले ना पोरीचे. एवढं दुखतंच कुणालाही.” त्यांचं चुकीचं नव्हतं. कदाचित ती पळाली असती, नंबर आला असता आणि काहीही झालं नसतं. ते आता कुणालाच कळणार नाही. मुलगी बाकावर बसून रडत होती. मला वाटलं, आता ही पुन्हा कधी खरं लिहिणार नाही.

तीन आठवड्यांनी ती ग्राउंडवर आली. दोन मिनिटं चालणं, एक मिनिट पळणं, असा पहिला दिवस. वहीत लिहिलं : ‘दुखणं : थोडं. कालच्यापेक्षा कमी.’

शेवटी मी पत्र लिहिलं ते असं : ‘ही विद्यार्थिनी मेहनती आहे. सराव ठरल्याप्रमाणे करते, आणि दुखत असेल तर दुखतं असं सांगते. स्वतःचं नुकसान होत असतानाही तिनं हे सांगितलं आहे.’

मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, असं कुणी लिहितं का? जिद्दी-बिद्दी घाला की काहीतरी.”

“सर, हीच तिची जिद्द आहे.”

“आणि यानं तिला प्रवेश मिळेल?”

“ते मला माहीत नाही.”

त्यांनी थोडा विचार केला, शिक्का ओढला आणि सही केली.