सहाशे किलोंचा हिशेब

2023 च्या उन्हाळ्यात दोन महिने मी पुतण्याकडे, अमेरिकेतील ओहायो राज्यात होतो. त्याच्याकडे स्वतःचे विमान आहे असे सांगितले की आपल्याकडील व्यापारी मंडळींच्या डोळ्यांपुढे उद्योगपतींचे जेट उभे राहते. प्रत्यक्षात ते आहे दोन आसनांचे, एका पंख्याचे ‘लाइट स्पोर्ट’ विमान. तेथील सरकारने 2004 मध्ये हा वर्ग निर्माण केला. 2023 मध्ये त्याचा नियम असा होता: उड्डाणाच्या वेळी एकूण वजन 600 किलोंहून अधिक नको, इंजिन एकच आणि वेग ताशी सुमारे 220 किलोमीटरच्या आत. ते चालवण्याच्या परवान्याला वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, मोटारीचा परवाना पुरतो. बंधने मात्र तेव्हा कडक होती: प्रवासी एकच, रात्री उड्डाण नाही आणि सपाट प्रदेशात 10,000 फुटांच्या वर जायचे नाही.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, म्हणजे चौविहार आणि दिग्व्रत दोन्ही आले की!” दिग्व्रतात ऊर्ध्व दिशेचीही मर्यादा असते, हे मला त्यांनीच आठवून दिले.

प्रत्येक उड्डाणापूर्वी पुतण्या वजाबाकी मांडतो. रिकामे विमान 345 किलो, म्हणजे उरले 255. टाकी पूर्ण भरली तर 100 लिटर पेट्रोलचे सुमारे 72 किलो, उरले 183. त्याचे 84 आणि माझे 76 वजा जाता सामानाला 23 किलो. मित्र धिप्पाड असेल तर पेट्रोल कमी भरायचे आणि जवळच उतरायचे. बँकेत तारणावर मार्जिन राखण्यात माझी हयात गेली. पण इतक्या निष्ठेने मार्जिन पाळणारा कर्जदार मला क्वचितच भेटला.

इंजिन ऑस्ट्रियन बनावटीचे, रोटॅक्स, 100 अश्वशक्तीचे. ते मोटारीच्या शिसेविरहित पेट्रोलवर चालते आणि तासाला अठरा-वीस लिटर पिते. तेलाची पातळी पाहण्याची त्याची रीत मला फार आवडली. इग्निशन बंद असल्याची दोनदा खात्री करून पंखा हाताने सावकाश फिरवायचा. काही फेऱ्यांनंतर तेलाच्या टाकीतून गुडगुड आवाज येतो. मगच पट्टी बुडवून पातळी पाहायची. “काका, ऐका हं,” म्हणून तो मला जवळ बोलावी.

उतरल्यावर पंखांच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसावे लागतात. वहिनींनी ते पाहिले त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढच्या खेपेस त्या स्वतः फडके घेऊन उभ्या राहिल्या आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत त्यांनी एक पंख पुसला. पुतण्या काही बोलला नाही. परंतु तेव्हापासून त्याने संध्याकाळची, कमी उंचीवरची उड्डाणे सोडली. किडे तेव्हाच अधिक असतात.

उरल्या सकाळी. हवा शांत असते तीही सकाळीच. आठवडाभर नोकरी, शनिवारी घरची कामे. राहिला रविवार, आणि रविवारी सकाळी मुलांची पाठशाळा. एका वेळी एकच जण सोबत येऊ शकतो, त्यामुळे दोन मुले आणि सूनबाई असे चौघांचे कुटुंब त्या विमानातून एकत्र कधीच जाणार नाही. सूनबाईंची तक्रार पैशांविषयी नव्हती; ती त्या दुसऱ्या आसनाविषयी होती.

त्याच्या विनंतीवरून मी वर्षाचा हिशेब मांडला. हँगरचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी, पाच वर्षांनी बदलावयाच्या रबरी नळ्यांसाठीची तरतूद, हे सारे विमान जागचे हलले नाही तरी द्यावेच लागते. पेट्रोलचा आकडा या सर्वांपुढे किरकोळ निघाला. त्या वर्षी उड्डाण झाले होते 46 तास. ते निम्म्यावर आले तर ताशी खर्च जवळजवळ दुप्पट होतो, आणि इंजिन फार काळ बंद ठेवले तर आतून गंजते. म्हणजे काटकसर म्हणून कमी उडवणे हा येथे तोट्याचा मार्ग ठरतो! दुकान बंद ठेवून भाडे भरणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वहिनींचे मत होते, विकून टाक. मी भागीदारीचा आराखडा लिहून दिला: तीन भागीदार, स्थिर खर्च समान, पेट्रोल ज्याचे त्याचे आणि रविवारची सकाळ पुतण्याच्या वाट्याला नाही. ही शेवटची अट सूनबाईंनी घातली. तो बराच वेळ कागद पाहत राहिला, मग त्याने सही केली.

आतापर्यंत एक भागीदार मिळाला आहे, निवृत्त शाळामास्तर. वजन 91 किलो.